श्रीलंकेचा इतिहास: राजांची यादी बाजूला ठेवा, तलाव बघा

श्रीलंकेचा इतिहास उघडला की सुरुवातीलाच विजय भेटतो. बापाने हाकलून दिलेला हा राजपुत्र सातशे साथीदारांसह गलबतातून निघाला, वाटेत आपल्या सोपाऱ्याला लागला, तिथे या मंडळींची दांडगाई लोकांना सोसेना म्हणून पुन्हा समुद्रात लोटला गेला आणि बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं नेमक्या त्याच दिवशी लंकेत उतरला. हे सगळं महावंसात, म्हणजे लंकेच्या राजांची हकीकत सांगणाऱ्या जुन्या पाली ग्रंथात आहे.

हा दिवस जुळवून आणलेला आहे, आणि ते ग्रंथातल्याच आकड्यांवरून दिसतं. विजय 38 वर्षं, मग एक वर्ष गादी रिकामी, पंडुवासुदेव 30, अभय 20, पुन्हा 17 वर्षं राजाच नाही, पंडुकाभय 70, मुटसिव 60. बेरीज 236. अशोकाचा मुलगा महिंद बेटावर आला तो परिनिर्वाणानंतर 236व्या वर्षी, हे परंपरेत आधीच ठरलेलं होतं. मधली जागा भरायला राजे कमी पडले, म्हणून त्यांची आयुष्यं ताणली. पंडुकाभय 37व्या वर्षी गादीवर बसला, म्हणजे मेला तेव्हा 107 वर्षांचा! शिवाय परंपरेत अशोकाचा अभिषेक परिनिर्वाणानंतर 218 वर्षांनी आहे, म्हणजे परिनिर्वाण इ.स.पू. 543 धरलं तर तो 325ला पडतो. तेव्हा चंद्रगुप्त मौर्याचंच राज्य सुरू व्हायचं होतं. अशोकाच्या शिलालेखांत समकालीन ग्रीक राजांची नावं आहेत, त्यामुळे तो अभिषेक 268च्या आसपास बसतो. फरक साधारण साठ वर्षांचा. म्हणून महिंदाचं स्वागत करणारा देवानंपिय तिस्स जुन्या यादीत 307 ला दिसला, तरी तो 250च्या आसपासचा समजावा.

बेट तेव्हा काही रिकामं नव्हतं. फा हियन गुहेतला माणसाचा वावर 40 हजार वर्षांहून जुना आहे, आणि जंगलातले वेद्दा लोक या जुन्या रहिवाशांशी नातं सांगतात. जुनी राजधानी अनुराधपुर, तिथल्या उत्खननात लोखंड आणि भात इ.स.पू. 900च्या सुमारास दिसतात, ब्राह्मी अक्षरं कोरलेली खापरं इ.स.पू. चौथ्या शतकातली. वस्ती हळूहळू वाढत गेली. एका गलबताने ती वसवलेली नाही.

अनुराधपुर पडतं कोरड्या पट्ट्यात. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी, पुढे कडक ऊन. तिथे दरबार आणि हजारो भिक्खू पोसायचे तर पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळे घराणी बदलली तरी काम एकच चालू राहिलं. लंबकण्ण घराण्याचा वसभ, मिन्नेरिया तलावाचा महासेन, मोरिय घराण्याचा धातुसेन हे सगळे तलाव बांधणारे राजे.

मातीच्या बांधाचं खरं दुखणं उंचीत नसून मोरीत असतं. पाणी सोडायचं दार बांधाच्या बाहेरच्या तोंडाला बसवलं, तर मोरीत तलावाचा पूर्ण दाब कायम राहतो. सांध्यांतून पाणी झिरपतं, सोबत माती वाहून नेतं, आतून पोकळी वाढत जाते आणि एका पावसाळ्यात बांध बसतो. सिंहली कारागिरांनी याला काढलेला तोडगा म्हणजे बिसोकोटुव: पाण्याच्या बाजूला, बांधाच्या पोटात, दगड-विटांनी बांधलेली चौकोनी विहीर. तलावातलं पाणी आधी या विहिरीत येतं, तिथेच अडवलं किंवा सोडलं जातं, त्याचा जोर मोडतो, आणि बांधाखालच्या मोरीतून पाटाला जाताना ते शांत असतं. बांधाच्या आतल्या उताराला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं पिचिंग म्हणजे अस्तर, त्याला रळपनाव म्हणतात.

धातुसेनाने (इ.स. 455–473) कला वेव बांधला; वेव म्हणजे तलाव. तिथून अनुराधपुरच्या तिस्स वेवपर्यंत 87 किलोमीटरचा जयगंगा कालवा जातो. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम 10 सेंटीमीटर आहे. भराव फक्त खालच्या अंगाला. वरचं अंग मोकळं, म्हणजे डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी थेट कालव्यात. मुलगा कश्यप याने खजिना मागितला तेव्हा धातुसेन त्याच्या माणसांना तलावावर घेऊन गेला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. कश्यपाने त्याला ठार केलं आणि सिगिरियाच्या खडकावर जाऊन बसला.

993 ला राजराज चोळाचं सैन्य आलं. 1017 मध्ये राजेंद्राने पाचवा महिंद राजा कैद करून भारतात नेला, तो तिथेच मेला. चोळांनी ठाणं पोलोन्नरुवला हलवलं. 1070 मध्ये सिंहली राजा विजयबाहूने त्यांना घालवलं, पण राजधानी तिथेच ठेवली. पहिल्या पराक्रमबाहूचा (1153–1186) पराक्रम समुद्र हा तलाव तिथलाच: बांध सुमारे 14 किलोमीटर लांब, 12 मीटर उंच.

1215 ला कलिंगाचा माघ चालून आला आणि इथून उतरण लागली. सगळं खापर माघावर फोडणं मला पटत नाही. एवढ्या तलावांची देखभाल म्हणजे दरवर्षी गाळ, पिचिंग, सांडवे, आणि त्यासाठी गावागावातून सक्तीची श्रमसेवा, म्हणजे राजकारिय. ती यंत्रणा विस्कटली की वरचा तलाव फुटून खालच्यांनाही घेऊन जातो, कारण ते एकाच ओढ्यावर साखळीने बांधलेले असतात. राजे नैऋत्येच्या पावसाळी भागाकडे सरकत गेले: दंबदेणिय, यापहुव, कुरुणेगल, गंपोल, कोट्टे. उत्तरेत जाफन्याचं तमिळ राज्य वेगळं उभं राहिलं.

मग पोर्तुगीज. बुद्धाचा दात ज्याच्याकडे तो राजा, अशी तिथली रीत. 1560 च्या जाफना मोहिमेत हाती लागलेला एक दात व्हाइसरॉय कोंस्तांतिनू द ब्रागांसाने गोव्याला नेला आणि तिथे तो खलात कुटून, जाळून नदीत टाकण्यात आला. सिंहली पक्षाचं म्हणणं, खरा दात आमच्याकडेच सुरक्षित आहे. कँडीच्या राजांनी त्याच जोरावर गादी टिकवली. 1739 पासून तर तिथे मदुरेकडचे नायक्कर घराण्याचे राजे होते, तमिळ बोलणारे पण दाताचे रक्षक, म्हणून चालले.

1815 ला इंग्रजांनी कँडी घेतली. शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह वेल्लोरला कैदेत 1832 मध्ये वारला. त्याच वर्षी इंग्रजांनी राजकारिय बंद केली. वेठबिगार गेली हे बरंच झालं. पण गावतलावांचा गाळ काढायला आता कोणी बांधील उरलं नाही, आणि सरकारने ती जबाबदारी लगेच उचललीही नाही. कला वेव दुरुस्त व्हायला 1880 चं दशक उजाडावं लागलं.