सर्व्हरवरची विंडो लॅपटॉपवर, आणि ती इतकी रखडत का चालते
सर्व्हरवर ग्नूप्लॉटचा (आलेख काढणारा प्रोग्राम) एक ग्राफ बघायचाय म्हणून आख्खा रिमोट डेस्कटॉप चढवणारे लोक दिसले की मला राहवत नाही. अरे, एकच विंडो हवीये ना, मग एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची कमांड) करताना डॅश कॅपिटल एक्स (-X) लाव, विषय संपला. एक्स किंवा एक्स११ म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा, आणि सर्व्हरवरची विंडो अशी आपल्याकडे आणणं म्हणजे फॉरवर्डिंग (स्मॉल एक्सने उलट ते बंद होतं, तेवढं जपा). सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमधे (तिथल्या एसएसएचची सेटिंग फाईल) एक्स११ फॉरवर्डिंग 'यस' पाहिजे आणि तिथे एक्सऑथ (डिस्प्ले वापरायची परवानगी सांभाळणारा छोटा प्रोग्राम) पाहिजे, बाकी सर्व्हरला मॉनिटर नसला तरी काही अडत नाही.

लॉगिन झाल्यावर डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठे काढायची ते प्रोग्रामला सांगणारं) बघायचं, लोकलहोस्ट, कोलन, १०.० असं काहीतरी येतं. हा एसएसएचने उभा केलेला खोटा डिस्प्ले, ऐकतो पोर्ट ६०१० वर, प्रोग्रामला वाटतं इथेच चित्र काढतोय आणि सगळं एन्क्रिप्ट होऊन येतं तुमच्याकडे. तिथे रिकामं आलं तर पुढे काही चालवण्यात अर्थ नाही. आणि हो, एक्स सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर प्रत्यक्ष विंडो काढणारा प्रोग्राम, चालतो तो तुमच्या लॅपटॉपवर! लिनक्सवर सहसा असतोच, मॅकवर एक्सक्वार्ट्झ टाका, विंडोजवर मोबाएक्सटर्म.

आता रखडण्याचं. लोक लगेच नेटच्या प्लॅनला शिव्या घालतात, पण एक्सचा जन्म १९८४ सालचा, एमआयटीतला, कॅम्पसच्या नेटवर्कवर वाढलेला, त्यामुळे त्याला बारीकसारीक गोष्ट विचारून उत्तराची वाट बघायची सवय. साधा मेनू उघडायचा तरी किती हेलपाटे! सर्व्हर अमेरिकेत आणि तुम्ही पुण्यात असाल तर एका हेलपाट्याला दोनशे मिलिसेकंद सहज जातात, मग स्पीड कितीही घ्या. डॅश कॅपिटल सीने (-C) डेटा दाबून लहान केला जातो, अंतर नाही ना कमी होत.

अशा वेळी सरळ एक्सप्रा हा प्रोग्राम वापरा. तो सगळी बडबड सर्व्हरवरच उरकतो आणि तुमच्याकडे फक्त चित्र पाठवतो, शिवाय नेट गेलं तरी प्रोग्राम जिवंत, पुन्हा जोडा की तिथूनच सुरू. नुसत्या फॉरवर्डिंगमधे कनेक्शन तुटलं की विंडो गेली, बहुतेक वेळा प्रोग्रामही गेला.

डॅश कॅपिटल वाय (-Y, म्हणजे पलीकडच्यावर पूर्ण विश्वास ठेवणारं फॉरवर्डिंग) मात्र उठसूट लावू नका, त्यात पलीकडच्या प्रोग्रामला तुम्ही लॅपटॉपवर काय टाईप करताय तेही वाचता येतं. उबुंटू-डेबियनवाल्यांनी तर जास्तच जपायचं, तिथे डीफॉल्ट सेटिंगमधे कॅपिटल एक्सही वायसारखाच वागतो.