दोह्यात मोत्याच्या मागावर

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांचा मोत्यांचा गालिचा आता कतारच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे हे कळल्यापासून तो डोळ्यांनी बघायचाच असं मनात होतं. जानेवारीत दोह्याला जायचा योग आला तेव्हा म्युझियमसाठी राखलेला अख्खा दिवस मी त्या गालिच्याभोवतीच आखला.

पण सुरुवात तिथून केली नाही. सकाळी आधी मुशैरिब या शहराच्या मध्यवर्ती भागात गेले. मेट्रोच्या तिन्ही लाइन इथे एकत्र येतात आणि साध्या डब्याचा दिवसभराचा पास सहा रियालला मिळतो, त्यामुळे टॅक्सीच्या फंदात पडायची गरज नाही. इथे चार जुनी घरं जपून त्यांची म्युझियम केली आहेत. सगळी बघायला वेळ नसेल तर निदान बिन जलमूद हाऊस चुकवू नका. हे गुलामांच्या व्यापाऱ्याचं घर होतं. हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेतून माणसं कशी आणली, कशी विकली, त्यांना कोणत्या कामांना जुंपलं ते इथे आडपडदा न ठेवता सांगितलंय. त्यातलं एक काम होतं मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचं. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1952 मध्ये, म्हणजे आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली त्या सुमाराला. आपल्याच घरातली ही गोष्ट एखाद्या देशाने इतक्या स्पष्टपणे मांडावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

तिथून सोनेरी लाइनने नॅशनल म्युझियम स्टेशन. ही इमारत ज्याँ नूवेल या फ्रेंच वास्तुकाराची, 2019 मध्ये खुली झाली. वाळवंटात जिप्समचे स्फटिक पाकळ्यांसारखे एकमेकांत घुसून वाढतात, त्याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतात. त्याच आकाराच्या पाचशेहून जास्त तिरक्या चकत्यांची ही रचना आहे. आतला रस्ता जवळपास दीड किलोमीटरचा, कुठे चढ, कुठे उतार, भिंती कललेल्या आणि त्यांच्यावरच चित्रपट चाललेले. भूगर्भ, प्राणी, पुराणवस्तू ही सुरुवातीची दालनं सुंदर आहेत, पण तिथे फार रेंगाळू नका. पाय दमायच्या आत मोत्यांपर्यंत पोचायला हवं.

मोत्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात असायचा. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगडाचं वजन, गळ्यात शिंपल्यांसाठी जाळीची पिशवी. वर होडीत दोर धरून बसलेला सोबती. एका श्वासात जेवढे शिंपले हाती लागतील तेवढे, मग दोराला झटका द्यायचा की तो वर ओढणार. होडीवर गाणारा माणूसही असे, नह्हाम, कामाला ताल देणारा. अनेक पाणबुडे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या कर्जात वर्षानुवर्षं अडकलेले असत. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते व्यापाऱ्यांच्या सामानापाशी. पितळेच्या छोट्या चाळण्या, एकीत एक बसणाऱ्या, प्रत्येकीची भोकं वेगळ्या मापाची. मोती वरच्या चाळणीत टाकायचे. बारीक ते खाली गळतात, मोठे वर राहतात. शेजारी इवलासा तराजू. इथे मापलेला माल मोठ्या प्रमाणात मुंबईच्या बाजारात यायचा. रुपया तर कतारमध्ये 1966 पर्यंत चलनात होता! आपल्या आज्या ज्यांना ‘बसरा मोती’ म्हणायच्या, ते याच आखाताच्या पाण्यातले.

आणि मग गालिचा. रेशीम आणि हरणाच्या पातळ कातड्यावर अंदाजे पंधरा लाख मोती, मधूनमधून रंगीत काचमण्यांच्या वेली, मध्यभागी हिरे जडवलेली तीन गोल फुलं. 1865 च्या सुमारास खंडेरावांनी तो करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी अर्पण करायचा त्यांचा मानस होता असं सांगतात. 1870 मध्ये ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे गायकवाडांच्याच घरातून तो युरोपात गेला आणि 2009 मध्ये दोह्यातच झालेल्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला विकला गेला. जवळून पाहिलं की मोती एकसारखे नाहीत हे दिसतं. कुणी पिवळसर, कुणी करडा, बहुतेक तांदळाच्या कणीएवढे. सकाळी बिन जलमूद हाऊस बघितलेलं असल्यामुळे त्यातल्या एकेका मोत्यामागे कुणीतरी धरलेला श्वास मला दिसत होता. म्हणूनच सांगते, हाच क्रम ठेवा.

मोत्यांचा धंदा पुढे बुडाला तो जपानच्या संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या मोत्यांमुळे आणि 1930 च्या दशकातल्या मंदीमुळे. कतारमधल्याच दुखानला तेल लागलं ते त्या दशकाच्या शेवटी. मधली वर्षं फार हलाखीची होती.

दुपारी उशिरा कॉर्निशने, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याने चालत इस्लामिक कलेच्या म्युझियमला गेले. वास्तुकार आय. एम. पेई यांनी शेजारी उंच इमारती येऊ नयेत म्हणून समुद्रात भर घालून केलेल्या स्वतंत्र बेटावर ते बांधलं, 2008 मध्ये उघडलं. इथे शाहजहानच्या नावाचं जेड या दगडाचं ‘हौलदिली’ पदक आहे, काळजाची धडधड शमवण्यासाठी गळ्यात घालायचं. साल 1631-32. मुमताज बऱ्हाणपूरला वारली तीही 1631 मध्येच. एवढ्या एका पदकासाठीही इथे यावं.

एक मात्र बघा, शुक्रवार टाळा. त्या दिवशी म्युझियमची दारं दुपारनंतर उघडतात आणि तिन्ही ठिकाणं काही केल्या एका दिवसात बसत नाहीत.