उसाच्या शेंड्यावरून जाणारा सिग्नल

परवा सांगली जिल्ह्यात पलूसच्या बाजूला एका शेतावर ड्रोननं फवारणी करायला गेले होते. चार एकर आडसाली ऊस, दहा फुटांवर गेलेला, पानांवर तांबेऱ्याचे ठिपके. एवढ्या उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरत नाही. पानं अंग कापतात आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. मालक आबा म्हणाले, "ताई, तुम्ही सावलीला बसा की. यंत्रच करणार आहे ना सगळं?" मी म्हटलं, "आबा, आधी तुमची ट्रॉली बांधाला लावून द्या."

ट्रॉली मला उभं राहायला हवी होती.

रिमोटपासून ड्रोनपर्यंत जाणारी लहर दोरीसारखी बारीक आणि सरळ नसते. तिला वाट लागते ती पखवाजाच्या आकाराची: दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली. आमचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ड्रोन ४०० मीटरवर असेल तर मधोमध ही वाट सरळ रेषेच्या वर-खाली साडेतीन मीटर फुगते. फवारणीचं ड्रोन उसाच्या शेंड्यावर जेमतेम अडीच मीटर उंचीवरून जातं. त्यात मी बांधावर उभी राहून रिमोट छातीशी धरला, तर जवळजवळ अर्धा पखवाज उसातच बुडाला. उसाचं पान पाण्यानं भरलेलं असतं आणि पाणी ही लहर शोषून घेतं. ट्रॉलीत उभं राहिलं की रिमोट साडेआठ फुटांवर जातो. बांध उंच निवडला तर तो शेंड्याच्या बरोबरीला येतो. सगळी वाट मोकळी होत नाही, पण स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्यांत फरक लगेच दिसतो.

रिमोट कसा धरायचा, हे मला आधी घरातच कळलं होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी सांगली आकाशवाणी खरखरायला लागली की ते ट्रान्झिस्टर टेबलावर थोडा फिरवायचे आणि आवाज स्वच्छ व्हायचा. आतल्या अँटेनाचं, म्हणजे फेराइटच्या कांडीचं टोक स्टेशनकडे असलं तर आवाज पडतो, कांडी आडवी झाली की उठतो. रिमोटच्या अँटेनाचंही तसंच आहे. नवीन पोरं अँटेनाचं टोक ड्रोनवर रोखतात, बोट दाखवल्यासारखं. टोकाच्या दिशेनंच सिग्नल सर्वांत कमी जातो! अँटेनाची लांब बाजू ड्रोनकडे हवी. एवढं एक बदललं तरी शेताच्या कडेला तुटणारा सिग्नल पुष्कळदा टिकतो.

फरक आहे तो लहरीच्या लांबीचा. आकाशवाणीची मध्यम लहर शेकडो मीटर लांब, ऊस तिला आडवा येतच नाही. माझी लहर साडेबारा सेंटीमीटरची, एका वितीपेक्षाही आखूड. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर पस्तीस सेंटीमीटरच्या आसपास असते. ती पानांतून बरी निघते, पण तिथं जागा अरुंद, चित्रफीत पाठवायला अपुरी. प्रत्येक पट्ट्यात काहीतरी सोडावं लागतं.

२.४ च्या पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी असते. म्हणून रिमोट एका जागी थांबत नाही, सेकंदात कितीतरी वेळा वारंवारता बदलत उड्या मारतो आणि ड्रोन त्याच क्रमानं मागोमाग. ही कल्पना १९४२ च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये आहे. हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार, दोघांचं. टॉर्पेडोचा सिग्नल शत्रूला जाम करता येऊ नये म्हणून त्यांनी पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ वारंवारता सुचवल्या होत्या. बांधावर रिमोट चालू करताना मला कधीकधी त्या बाईची आठवण येते.

मागच्या वर्षी मात्र माझा सिग्नल खरंच तुटला. नदीकाठचं शेत, मध्ये चिंचेची रांग, आणि ट्रॉली नव्हती. ड्रोन रांगेपलीकडे गेलं, दांड्या उतरल्या, स्क्रीनवरचं चित्र थिजलं. जमिनीवरून ड्रोनकडे दर सेकंदाला एक छोटा निरोप जात असतो, त्याला 'हार्टबीट' म्हणतात. ठोके काही काळ आले नाहीत की ड्रोन समजतं, माणूस हरवला. अर्डुपायलट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये जमिनीवरच्या स्टेशनसाठी ही मुदत ५ सेकंदांची आहे. सेकंदाला ५ मीटर वेगानं जाणारं यंत्र तेवढ्यात २५ मीटर पुढं जातं, म्हणजे आमच्याकडच्या तुकड्यांत सरळ शेजाऱ्याच्या रानात. टाकीत तणनाशक असेल आणि पलीकडे द्राक्षबाग, तर काय होईल ते तासगावकरांना सांगायला नको. २,४-डी या तणनाशकाचा नुसता उडालेला फवाराही वेलाला पुरतो.

त्या दिवशी टाकीत फक्त सूक्ष्म अन्नद्रव्यं होती. ड्रोन उंच चढलं आणि चिंचांच्या वरून नीट परत आलं. पण ते उतरल्यावर मी सेटिंग उघडून पाहिलं तेव्हा हात गार पडले. परतीची उंची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन जेवढं चढून माघारी येतं ती, मूळचीच, १५ मीटर. चिंचा त्याहून जरा कमी होत्या, म्हणून वाचलो. दोन शेतं सोडून हायटेन्शनचा मनोरा उभा होता.

तेव्हापासून मला वाटतं, रेंज किती हा प्रश्न दुसरा. सिग्नल गेल्यावर यंत्र काय करणार, हा पहिला. चालकविरहित गाड्यांबद्दल वाचतानाही मी तेच शोधते. गाड्यांनी एकमेकींना सेकंदाला दहा वेळा 'मी इथं आहे, या वेगानं येतेय' असं सांगायचं, अशी ती पद्धत. अमेरिकेत १९९९ मध्ये त्यासाठी ५.९ गिगाहर्ट्झजवळ ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले. ते फारसे वापरात आले नाहीत, म्हणून २०२० मध्ये त्यातले ३० च ठेवायचं ठरलं. पण ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते, आणि तिला परत फिरायला आभाळ नाही. मधल्या लेनमध्ये गपकन थांबणं हेही तिथं संकटच. म्हणून तिचे डोळे, म्हणजे कॅमेरे आणि रडार, तिच्याजवळच असले पाहिजेत. बाहेरून येणारा निरोप ही जादाची मदत असावी, आधार नव्हे. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

परवा ट्रॉली लागल्यावर मी आबांना विचारलं, "या शिवारात सगळ्यात उंच काय आहे?" ते थोडं थांबले, मग विहिरीजवळच्या माडाकडे हात केला. "थोरलीच्या जन्माला लावलाय. साठ फूट तर असंल." पलीकडे तारा आहेत का, तेही विचारलं. नव्हत्या. मी परतीची उंची ३० मीटर केली आणि त्यांना स्क्रीनवर आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, आणि मग ते सावलीला न बसता ट्रॉलीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.