रेकॉर्डिंगचा ढीग
सेट-टॉप बॉक्सने काल निर्वाणीचं सांगितलं: ९४ टक्के भरलोय. म्हणून आज पडदे ओढून बसलेच. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) तीन वर्षं पडून होता. २०७ मिनिटं, हिंमत कोण करणार! आज केली. आणि काय सांगू, पावसातली ती शेवटची लढाई बघताना मोबाइल कुठे ठेवलाय तेच विसरले.

दुसरा रहस्यपट मात्र ऐन खुनी सापडायच्या वेळी तुटला. चॅनेलने उशिरा सुरू केला असणार, आणि आमचा बॉक्स घड्याळाचा पक्का, ठरल्या वेळी रेकॉर्डिंग बंद! (नवऱ्याला खुनी माहीत आहे. सांगत नाही.) तिसऱ्याच्या नावांतच डोळा लागला.

एकूण दोन डिलीट केले. रात्री चॅनेल चाळताना चार नवीन लावले.