चुकून उगवलेले केस

औषधाच्या खोक्यात घडीवर घडी घातलेला एक पातळ कागद असतो. त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचणारी माणसं थोडीच, आणि मी त्यांतला. त्यातही रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडावं तसा मी थेट ‘दुष्परिणाम’ या मथळ्यावर जातो. केसगळतीच्या औषधांच्या बाबतीत हा नाद अगदीच वाया जात नाही. या औषधांची बरीचशी कुळकथा त्याच मथळ्याखाली सापडते.

मिनॉक्सिडिलचं बघा. मुळात ती रक्तदाबाची गोळी. कशालाच दाद न देणारा रक्तदाब उतरवायला म्हणून अमेरिकेत १९७९ मध्ये तिला मान्यता मिळाली. रक्तदाब उतरला, पण रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवायला लागले. बायका साहजिकच वैतागल्या. टक्कल पडलेल्या पुरुषांनी मात्र कान टवकारले असणार! १९८८ मध्ये तेच औषध डोक्याला लावायचं द्रावण होऊन बाजारात आलं.

काचबिंदूच्या एका थेंबांनी पापण्यांचे केस लांब व्हायला लागले, तर २००८ मध्ये तेच औषध पापण्या दाट करायला म्हणून मान्य झालं. चाई पडते त्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच केसांवर उठते. त्यासाठी २०२२ मध्ये मान्य झालेलं बॅरिसिटिनिब आधी संधिवाताचं औषध होतं. एकूण काय, केस हवेत म्हणून कुणी सरळ वाटेने निघालं आणि मुक्कामी पोचलं, असं या प्रांतात क्वचितच घडलेलं दिसतं.

फिनास्टेराइड या गोळीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली काही मुलं जन्मतः मुली वाटत आणि वयात येताना त्यांची शरीरं पुरुषी होत. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या अधिक जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) त्यांच्यात तोकडं होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही आणि कपाळही मागे सरकत नसे. मग हेच विकर औषधाने रोखायचं ठरलं. १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी आली आणि १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमची. अर्थात हिच्याही कागदावर मजकूर आहेच. थोड्या पुरुषांची कामेच्छा मंदावते, काहींचं मन खचतं. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, कारण पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका. प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. केसांसाठी घेतलेल्या गोळीबद्दल तिथे बोलायचं म्हणजे लाज वाटते, हे मला समजतं. तरी सांगावं.

गंमत अशी की, गुण आणि दोष ओळखणंही सोपं नाही. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. विश्रांतीत गेलेले जुने केस नव्यांना जागा देत असतात, पण कंगव्यातला पुंजका बघून एवढा समजूतदारपणा कुणाला सुचतो? बाटली फेकली जाते ती नेमकी याच सुमाराला. खरा निकाल चार-सहा महिन्यांनी लागतो. लागला तरी औषध बंद केल्यावर काही महिन्यांत कमावलेलं हातचं जातं.

याच्या उलटही होतं. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि पुढे बहुतेक वेळा आपोआप परततात. त्या काळात जे तेल चोळलं असेल ते चमत्कारी ठरतं. थायरॉइड किंवा लोह कमी असेल तर मात्र आधी तिकडे बघावं लागतं.

हल्ली आणखी एक वळण आलंय. रोज द्रावण लावायचा कंटाळा, त्याने होणारा चिकटपणा आणि टाळूची खाज यांमुळे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिलची तीच जुनी गोळी पुन्हा देऊ लागले आहेत. केसांसाठी तिला अधिकृत मान्यता नाही, तरी देतात. मात्रा अगदी कमी, बहुधा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. रक्तदाबासाठी याच्या कितीतरी पट लागत असे. आता ती घेणाऱ्याला बजावून सांगतात की पावलांवर सूज येते का, छातीत धडधडतं का, उठताना चक्कर येते का याकडे लक्ष ठेवा. रक्तदाब उतरू शकतो.