आमची वाटचाल: गाडीच्या पोटाखालचं काम

रत्नागिरीत आमचं गॅरेज सुरू झालं ते डेंटिंग-पेंटिंगचं म्हणून. धाकट्या भावाचा वेल्डिंगवर हात बसलेला आणि रंगाचं काम माझ्याकडे. गिऱ्हाईक यायचं दारावरचा पोचा काढायला. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली की खालून वेगळंच दिसायचं. वरून आरशासारखा रंग, आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जातोय. हळूहळू फ्लोअरचे पत्रे कापून नवे बसवणं हेच आमचं मुख्य काम झालं. त्यात पैसा चांगला होता. पण चालती, इंजिन ठणठणीत असलेली गाडी गंजाने पत्रा खाल्ला म्हणून भंगारात जाताना बघवत नाही. हे नुकसान टाळता येतं, आणि बरंचसं मालकाला घरीच टाळता येतं, या विचाराने आमच्या धंद्याची दिशा बदलली.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून लोक गंजाचं खापर पावसावर फोडतात. खरा शत्रू मीठ आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे खारं वारं लागलेला पत्रा भर एप्रिलमध्येही पूर्ण कोरडा राहत नाही. किनाऱ्याजवळच्या रस्त्यांवर मासळीच्या गाड्यांमधून गळणारं खारट पाणी चाकांनी उडून थेट पोटाला लागतं. त्यावर लाल मातीचा चिखल मडगार्डच्या कडांमध्ये भरून बसतो आणि ओल धरून ठेवतो. बॉडीचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर. त्याला आरपार जायला किती वेळ लागणार?

कारखान्यात संपूर्ण बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, आणि तो थर खरोखर चांगला असतो. तो तुटतो चाकामागे खडी आपटते तिथे, जॅक लावायच्या जागी आणि सांध्यांवर. म्हणून नव्या गाडीच्या सगळ्या पोटाला काळं कोटिंग मारून घ्या, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. एवढ्या जागा सांभाळल्या तरी पुष्कळ झालं.

सुरुवातीला बाजारात सगळीकडे डांबरी कोटिंगच चालायचं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या अनेक गाड्यांवर ते खरवडलं तेव्हा खाली गंजाचे पापुद्रे निघाले. डांबरी थर काही वर्षांनी कडक होऊन तडकतो, फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे थर आतून उचलला जातो. बाहेरून मात्र सगळं काळंभोर, छान. म्हणून आम्ही मेणाच्या प्रकारातलं कोटिंग धरलं. ते मऊ राहतं, सांध्यात झिरपतं आणि कुठे निघालं तर लगेच दिसतं. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो, हे गिऱ्हाइकाला पटवायला वेळ गेला. जळकं ऑइल मारायची जुनी सवय मोडायला त्याहून जास्त. ते सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबराचे बुश फुगवतं आणि ठिबकून जमिनीत मुरतं. कोकणात अंगणात विहीर असते, हे विसरून चालणार नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद, आणि लोकांच्या गाड्या आंब्याखाली ओल्या मातीवर उभ्या. फोन यायला लागले, ‘आता घरी काय करू?’ तेव्हा फोनवर जे सांगितलं तेच आजही सांगतो. पहिलं, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. सपाट, पक्की जमीन, चाकांना ओंडके आणि गाडीखाली लोखंडी घोड्या हव्यातच. मग गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवायचं, मडगार्डच्या आतल्या कडा बोटाने चाचपायच्या. त्यानंतर वाळवणं, आणि इथेच बहुतेकांची घाई नडते. कडक उन्हाचे दोन दिवस तरी द्या. ओलीवर मारलेलं कोटिंग ओलच कोंडून ठेवतं. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढायचा. जो खोल राहील त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर करणारं द्रावण, हातमोजे आणि चष्मा घालून. मग प्रायमर, आणि तो वाळला की मेणाचा थर. सायलेन्सर, ब्रेकची डिस्क, सेन्सर आणि रबर आधी झाकून घ्यायचं. दाराखालची पाणी जायची भोकं बुजली तर सगळी मेहनत उलटी पडते, म्हणून काम झाल्यावर प्रत्येक भोकात काडी घालून बघायची.

या फोनांमधूनच आमचं घरी वापरायचं साहित्य तयार झालं: ब्रश, कन्व्हर्टर, मेणाचा डबा आणि पोकळ भागात फवारायला लांब नळी. ही नळी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण गाडी सडते ती दिसत नाही तिथून. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर हे फार स्पष्ट दिसलं. बाहेरून धुऊन चकचकीत केलेल्या गाड्यांच्या दाराखालच्या पोकळीत गाळ तसाच होता. तो सुकून घट्ट व्हायच्या आत भोकांतून पाणी सोडून काढला, नीट वाळवलं आणि आत मेण फवारलं. त्यातल्या काही गाड्या अजून दरवर्षी तपासणीला येतात.

आज आम्ही मार्च ते मे नवीन डेंटिंगची कामं घेत नाही. ते महिने पावसाआधीच्या या कामासाठी राखून ठेवलेत. ज्यांना स्वतः करायचंय त्यांनी आधी गाडी खड्ड्यावर घेऊन या, आमच्याबरोबर खाली उतरून बघा. कुठे मारायचं ते खडूने खुणा करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. त्यांच्या बॅटरीच्या पेटीवर आणि जास्त दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी वायरींजवळ आम्ही काहीही फवारत नाही, तुम्हीही घरी फवारू नका. सस्पेन्शन आणि मडगार्डच्या कडा धुऊन, तपासून देतो. बाकीसाठी कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते गिऱ्हाइकासमोर वाचतो आणि मगच हात लावतो.