डास स्वतः आजारी का पडत नाही?

“मॅडम, डास चावते आन् ताप येते आमाले, मंग त्या डासाले काऊन काही होत नाही?” यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील गावांत डासांच्या अळ्या गोळा करताना हा प्रश्न मला आशाताईंनी विचारला आहे, शाळेतील मुलांनी विचारला आहे आणि मुलाच्या डेंग्यूवर कापसाचे पैसे घालवून बसलेल्या वडिलांनीही विचारला आहे. डासांची रोगप्रतिकारशक्ती आणि डासांमार्फत पसरणारे विषाणू हाच माझ्या आजवरच्या संशोधनाचा विषय आहे, म्हणून अंगणात उभ्या उभ्या देता न येणारे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

डासाला काहीच होत नाही, हे पहिल्यांदा खोडून काढले पाहिजे. डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त एडिस इजिप्ती जातीच्या मादीने प्यायले की विषाणू तिच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तेथे वाढतो, मग आतड्याची भिंत ओलांडून शरीरभर पसरतो आणि शेवटी लालाग्रंथींत, म्हणजे चावताना आपल्या अंगात जाणारी लाळ बनते त्या ग्रंथींत, पोचतो. या प्रत्येक टप्प्यावर त्याला अडवले जाते आणि अनेक माद्यांमध्ये तो आतड्याच्या पुढे जातच नाही. ज्या मादीच्या लालाग्रंथींत तो पोचतो, ती मात्र मरेपर्यंत रोग पसरवू शकते. डासाकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील रोगजंतूंना ओळखून पकडणारी प्रथिने, नसतात. या विषाणूची जनुकीय माहिती आरएनए नावाच्या रेणूत असते; विषाणू पेशीत स्वतःच्या प्रती काढू लागला की दोन धाग्यांचा, म्हणजे द्विसूत्री, आरएनए तयार होतो. त्याला डायसर-२ नावाचे प्रथिन ओळखते आणि त्याचे बारीक तुकडे करते. हे तुकडे हाताशी धरून आर्गोनॉट-२ हे दुसरे प्रथिन विषाणूचा उरलेला आरएनए शोधून कापत जाते. याच्या जोडीला टोल नावाची संरक्षक यंत्रणा असते. फळमाशी बुरशीपासून स्वतःचा बचाव याच यंत्रणेने करते, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ ज्यूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले; त्या कामाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि दरम्यान, २००८ मध्ये, हीच यंत्रणा एडिस डासात डेंग्यूला आवर घालते हेही सिद्ध झाले.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो वेगळाच प्रयोग. सिंडबिस हा चिकुनगुन्याच्या कुळातील विषाणू एडिस डासांत एरवी निमूटपणे राहतो. संशोधकांनी आरएनए कापण्याची ही यंत्रणा निकामी करणारे प्रथिन त्या विषाणूतच घातले, तेव्हा तेच डास मरू लागले. म्हणजे विषाणू डासाच्या बाबतीत मुळात निरुपद्रवी नाही. डास त्याला सतत कापत राहतो, म्हणून तो जगतो; पण पूर्णपणे संपवत नाही, म्हणून आपण आजारी पडतो. माझे सगळे काम या दोन गोष्टींमधल्या जागेत चालते: डास न मरता विषाणू मात्र लालाग्रंथींपर्यंत पोचू नये, यासाठी कोणत्या टप्प्यावर हात घालता येईल, हे शोधण्याचे.

हे काम पुण्यामुंबईत राहून का करत नाही, असेही विचारले जाते. नागपुरात १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणू जगभर चांदीपुरा या नावाने ओळखला जातो. तो डासांपेक्षा वाळूमाशीशी जोडला जात असल्यामुळे माझ्या विषयात नेमका बसत नाही, परंतु विदर्भाचे नाव विषाणूशास्त्राला नवे नाही एवढे त्यावरून कळावे. खरे कारण उन्हाचे आहे. प्रयोगशाळेतील कीटकगृहात डास साधारणपणे २७-२८ अंश सेल्सिअसला, भरपूर दमट हवेत वाढवले जातात, आणि त्यांच्या प्रतिकाराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे अशाच डासांवरून कळले आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पोळ्याच्या सुमारास हवा दमट व उबदार असते. विषाणूला आतड्यापासून लालाग्रंथींपर्यंत पोचायला २५ अंशांना सरासरी १५ दिवस लागतात, तर ३० अंशांना साडेसहाच्या आसपास. काही आठवडेच जगणाऱ्या मादीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

त्यातच आमच्याकडे कूलर घरोघरी आहे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या वर, ओलसर भिंतीवर अंडी घालते आणि ती कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. पावसाळ्यात कूलर कोपऱ्यात सरकवला आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकीत पाणी भरले की मागील वर्षाच्या अंड्यांतूनही अळ्या निघू शकतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या भिंती आतून खरवडून घासाव्या लागतात. हे मी प्रत्येक गावात सांगते आणि यापुढेही सांगत राहीन.

आता वोल्बाकियाविषयी, कारण वर्तमानपत्रांत वाचून लोक त्याबद्दल विचारू लागले आहेत. क्युलेक्स डासांत १९२४ मध्ये प्रथम नोंदवला गेलेला हा जिवाणू एडिस इजिप्तीमध्ये निसर्गतः नसतो. तो तिच्या अंड्यांत टोचून घातला तर डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात नीट वाढू शकत नाही. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर या रोगवाहक कीटकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनेही असे डास तयार केले आहेत.

“मंग आमच्या गावात कवा सोडता?” याचे माझे उत्तर असे आहे की येथील ऊन मोजल्याशिवाय ते सोडू नयेत. योग्यकार्तात वापरलेला वोल्बाकियाचा प्रकार उष्णतेने क्षीण होतो. अळ्या रोज २६ ते ३७ अंशांच्या चढउतारात वाढवल्या तर डासाच्या अंगातील त्याची संख्या घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. दुसरा, अधिक उष्णता सोसणारा प्रकारही उपलब्ध आहे. परंतु अळी जगते ती पाण्याच्या तापमानात, आणि कूलरमधील पाणी बाष्पीभवनाने थंड राहते, अंगणातील सिमेंटची टाकी दुपारी तापते, सावलीतल्या रांजणाचे गणित आणखी वेगळे. म्हणून सध्या आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर एकाच घरातील वेगवेगळ्या भांड्यांत तापमापक ठेवून त्या नोंदींप्रमाणे कीटकगृहात अळ्या वाढवतो आणि त्यांतून निघालेल्या माद्यांमध्ये आरएनए कापण्याची यंत्रणा किती जोमाने चालते ते तपासतो. वोल्बाकियाच्या कोणत्या प्रकाराचे डास येथे टिकतील, ते कोणत्या महिन्यात सोडायचे आणि मुळात सोडायचे की नाही, हे त्या नोंदींवरून ठरावे, असा माझा आग्रह आहे.